विकताना काय येईल?

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडे कोणतीही वस्तू घरात येण्यापूर्वी तिच्याविषयी एक प्रश्न हमखास विचारला जातो: 'उद्या विकायची झाली तर काय येईल?' म्हैस असो, जमिनीचा तुकडा असो की मोटार असो, प्रश्न तोच. वस्तू आपल्याला काय देईल, किती वर्षे देईल, हे नंतर. आधी ती दुसऱ्याला देताना आपल्या हाती काय पडेल, ते महत्त्वाचे. या प्रश्नामागे शहाणपण आहे हे मी नाकारीत नाही. अडीनडीला जे विकता येते तेच गरिबाची ठेव असते. पण हाच एक प्रश्न सगळ्या प्रश्नांच्या डोक्यावर बसला की माणूस कसा फसतो, हे मला आमच्या घरी आलेल्या एका जुन्या फ्रेंच गाडीच्या निमित्ताने मांडायचे आहे.

गाडीची हौस म्हणून आम्ही गाडी घेतली नाही. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावाहून नाशिक पस्तीस किलोमीटर. आजीची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून दोन वेळा तिला डायलिसिससाठी नाशिकला न्यावे लागू लागले. उपचार सरकारी योजनेतून होतो. केंद्र सरकारने २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला, त्यानंतर जिल्ह्याच्या ठिकाणी ही सोय वाढत गेली. चांगली गोष्ट आहे. पण यंत्रापर्यंत पोहोचायचे कसे, हे कोणत्याही योजनेत लिहिलेले नाही. एस.टी.त चढण्याचे बळ आजीच्या पायांत राहिले नाही. चार तास यंत्रावर राहून आलेले माणूस फाट्यावर उन्हात उभे करता येत नाही. गावातली जीप एका फेरीचे बाराशे रुपये घेई. महिन्याच्या आठ फेऱ्या, म्हणजे नऊ हजार सहाशे. टोमॅटोच्या दोन एकरांवर चालणाऱ्या घराला हा आकडा काय आहे, ते ज्याच्या घरी टोमॅटो पिकतो त्याला सांगायला नको.

मग गाडी घ्यायचे ठरले आणि सल्लागारांचे पीक आले. बहुतेकांचे म्हणणे, नवी घ्या, हप्त्याने मिळते. मी हिशेब मांडला. सात लाखांची गाडी, लाखभर रुपये रोख आणि सहा लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी दहा टक्क्यांनी घेतले, तर हप्ता होतो महिना दहा हजारांच्या आसपास. म्हणजे जीपच्या भाड्यापेक्षा हप्ताच जास्त, आणि त्यात डिझेलचा एक थेंबही धरलेला नाही. सात वर्षांत फेडायचे आठ लाख चाळीस हजार. बरे, ही गाडी तरी किंमत राखते का? विमा कंपन्या गाडीची घट ज्या कोष्टकाने धरतात, त्यात वर्ष भरेपर्यंत पंधरा टक्के आणि पाच वर्षे भरेपर्यंत पन्नास टक्के किंमत उतरते. सात लाखांतले साडेतीन लाख पाच वर्षांत गेले. दारात उभ्या गाडीचे महिन्याला पाच हजार आठशे रुपये वाऱ्यावर.

आम्हाला मिळाली ती २०१० सालची डिझेलवर चालणारी लोगान. किंमत पंचाण्णव हजार. नवी होती तेव्हा हीच गाडी पाच लाखांहून अधिक किमतीला विकली जात होती. घट सोसायची ती पहिल्या मालकांनी सोसून झाली होती. माझे काका अण्णांना म्हणाले, "अरे, दुसरी एखादी बघ. ही विकायला काढलीस तर कुत्रं विचारणार नाही." अण्णा म्हणाले, "पण मला विकायची कुठं आहे?" या एका वाक्यात अर्थशास्त्राचा एक धडा आहे असे मला वाटते. जी वस्तू बाजाराने टाकून दिली, पण जिच्यात काम करण्याची ताकद शिल्लक आहे, तीच आमच्यासारख्यांच्या आवाक्यात येते. 'विकताना काही येत नाही' हा दोष विकणाऱ्याचा. घेणाऱ्याच्या दृष्टीने तोच गुण!

आता ही गाडी बाजारात पडली का, ते पाहणे उद्बोधक आहे. लोगान मुळात स्वस्त गाडी म्हणूनच जन्मली. फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने १९९९ साली रुमानियातली दाचिया ही कंपनी घेतली आणि कंपनीचे प्रमुख लुई श्वाइत्झर यांनी पाच हजार युरोंत बसणारी मोटार बनवण्याचे उद्दिष्ट ठेवले. २००४ साली ती बाहेर पडली. खर्च वाचवण्यासाठी काय काय केले पाहा: समोरची काच कमी वक्र ठेवली, कारण वाकवलेली काच महाग पडते. दोन्ही बाजूंचे आरसे एकाच आकाराचे केले, म्हणजे साचा एकच लागतो. पुढची सगळी फळी एकाच साच्यातून काढली. दिसायला गाडी डब्यासारखी झाली, पण डिकी पाचशे दहा लिटरची आणि मागे तीन माणसे मोकळी बसतात. आमच्या आजीला मागच्या आसनावर आडवे होता येते, हे तिचे सौंदर्य मला पुरेसे आहे.

भारतात ती २००७ साली आली. महिंद्र आणि रेनॉ यांच्या भागीदारीत, आणि तीही आपल्या नाशिकच्या कारखान्यात तयार होऊन. पण २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा आखूड गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली होती आणि लोगान चार मीटरपेक्षा लांब. सवलत हुकली, किंमत चढी राहिली, रूपही लोकांना रुचले नाही. २०१० साली भागीदारी संपली, २०११ पासून तीच गाडी व्हेरिटो या नावाने निघू लागली आणि टॅक्सीवाल्यांनी ती उचलली. म्हणजे ती बाजारात पडली ती कर, रूप आणि नाव यांच्यामुळे. तिच्या इंजिनाचा त्यात संबंध नव्हता. शिवाय आम्ही जिला 'फ्रेंच, फ्रेंच' म्हणून नाक मुरडतो, ती आमच्याच जिल्ह्यातल्या कामगारांच्या हातून तयार झालेली!

कोणी म्हणेल, परदेशी नावाच्या बंद पडलेल्या गाडीचे सुटे भाग कोठून आणणार? ही भीती पोकळ नाही. १९९०च्या दशकात प्रीमियर ऑटोमोबाईल्सने प्यूजो कंपनीबरोबर भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ काढली. दशक संपण्याआधी ते उत्पादन थांबले. ज्यांनी ती घेतली, त्यांना पुढे सुटे भाग धुंडाळावे लागले. जुन्या माणसांच्या मनात फ्रेंच गाडीविषयी जी अढी आहे तिचे मूळ अशा अनुभवांत असावे. परंतु दोन गाड्यांचे गोत्र एक म्हणून नशीबही एक, असे नसते. लोगानचे दीड लिटरचे डिझेल इंजिन पुढे रेनॉच्या डस्टरमध्ये, निसानच्या सनी आणि टेरानोमध्येही आले. व्हेरिटो टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे धावली. जिथे गाडी टॅक्सी होते, तिथे तिचा मिस्त्री तयार होतो आणि जिथे मिस्त्री असतो तिथे सुटा भाग येतोच. नायजेरियात कडूना येथे १९७५ पासून प्यूजोचा कारखाना होता आणि ५०४ ही गाडी त्या देशात घरोघरची झाली. फ्रेंच गाडी नाजूक असते हे तिथल्या टॅक्सीवाल्याला सांगून पाहावे!

फ्रेंचांची स्वस्त गाडीची परंपराच मोठी आहे आणि गंमत म्हणजे ती शेतकऱ्यापासून सुरू होते. सित्रोएन कंपनीचे पिएर बुलांजे यांनी १९३०च्या दशकात आपल्या अभियंत्यांपुढे अट ठेवली: दोन शेतकरी, पन्नास किलो बटाटे, ताशी साठ किलोमीटर वेग आणि शंभर किलोमीटरला तीन लिटर इंधन. नांगरलेल्या रानातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडे फुटू नये, असेही त्यांनी बजावले होते म्हणतात. त्यातून १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात जी गाडी पुढे आली ती टू सीव्ही. लोकांनी तिच्या रूपाची टिंगल केली आणि रांगा लावून ती घेतली. १९९० पर्यंत ती बनत राहिली. रेनॉने १९६१ साली तिला जोड म्हणून रेनॉ फोर काढली, ती ऐंशी लाखांहून अधिक खपली. या गाड्या कोणाच्या दारात प्रतिष्ठा म्हणून उभ्या राहिल्या नाहीत. बटाटे वाहता वाहता त्यांनी प्रतिष्ठा मिळवली.

मात्र जुनी गाडी म्हणजे फुकटचे सुख नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. आमच्या मिस्त्रीचाचांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "बेटी, टायमिंग बेल्ट कब बदला, कागज दिखाव. कागज नहीं तो बदल डालो." या इंजिनात पट्टा असतो. तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि काही हजारांच्या कामाचे रूपांतर इंजिन उघडण्यात होते. कागद नव्हता, पट्टा बदलला. सोबत पाण्याचा पंप, झिजलेले बुश, बॅटरी आणि दोन टायर मिळून अठ्ठावीस हजार झाले. पंधरा वर्षे भरल्यावर पुनर्नोंदणी करावी लागते. तिची मूळ फीच १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली. ती फी, पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट आणि विमा मिळून साडेचौदा हजार. एकूण एक लाख साडेसदतीस हजार. एका फेरीला डिझेल चारशेचे, म्हणजे महिन्याला बत्तीसशे. किरकोळ दुरुस्तीला महिना हजार बाजूला टाकले, तरी जीपच्या तुलनेत महिन्याला चोपन्नशे वाचतात. सुमारे सव्वादोन वर्षांत सगळी रक्कम फिटते. या हिशेबात विकून येणारा एक पैसाही मी धरलेला नाही.

ज्यांना असा विचार करायचा असेल त्यांना एवढेच सांगेन की गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पैसे घेतल्याबरोबर दुरुस्तीला लागतील असे धरूनच चालावे. ते नसतील तर गाडी घेऊ नये. नोंदणीच्या कागदावर कर्जाचा बोजा उतरला आहे का, थकलेले दंड आहेत का, हे पाहावे. आणि रंगाकडे पाहण्याआधी मिस्त्रीला पाहावे. जवळ जाणता मिस्त्री नसेल, तर कितीही स्वस्त गाडी महागच पडते. आमचे चाचा सातवीपर्यंत शिकलेले. पण इंजिनाचा आवाज ऐकून ते जे निदान करतात, त्याला मी ज्ञानच म्हणते.

एक आक्षेप मात्र मला टोचतो. जुने डिझेल इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर सोडते. २०२० नंतरच्या गाड्यांना जे कडक नियम लागू झाले, ते आमच्या गाडीच्या जन्मकाळी नव्हते. आजारी माणसाला दवाखान्यात नेताना आपण हवेत विष सोडतो, हा विरोधाभास मी झाकणार नाही. इंजिन नीट ठेवणे, गाडी हौसेसाठी न फिरवणे, एवढे आमच्या हाती आहे आणि ते आम्ही करतो. पण खरा उपाय आमच्या हाती नाही. तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस आमच्या आजीला पुरेल एवढे यंत्र मोकळे असते, किंवा आजारी माणसाला बसता येईल अशी बस वेळेवर मिळती, तर आम्हाला नवी, जुनी, देशी, फ्रेंच कसलीच गाडी लागली नसती. आमच्या दारातली गाडी ही श्रीमंतीची खूण नाही. सार्वजनिक सोय जिथे संपते, तिथे लावलेला तो दगड आहे.

शेवटी एक बोलते. मी बी.ए.ला नाव घातले तेव्हा, 'पुढे काय मिळेल?' असे जे मला विचारीत होते, तेच लोक अण्णांना 'विकताना काय येईल?' असे विचारीत होते. प्रश्न एकच आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, म्हणून हा प्रश्न मला उडवून लावता येत नाही. मला नोकरी हवीच आहे. पण हप्त्यांचे कोष्टक मांडायला, अर्थसंकल्पातली एक ओळ आणि आमच्या दारातली गाडी यांचा संबंध जोडायला, योजनेच्या कागदात काय लिहिलेले नाही ते वाचायला मी याच वर्गांत शिकले. या शिक्षणाची बाजारातली किंमत आज उतरलेली असेल. म्हणूनच ते आमच्यासारख्यांच्या हाती लागले असेल. ज्यांना विकायचे आहे त्यांनी भावाची चिंता करावी. ज्यांना दूर जायचे आहे त्यांनी आधी इंजिन ऐकावे.