भाडे घेतले, मग न सांगता कुलूप का?



मागच्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतला एक पोरगा सकाळीच ओसरीवर येऊन बसला. चेहरा इतका उतरलेला, की मी आधी विचारले, "गुरांना काही झाले का रे?" तो म्हणाला, "नाही काका, माझी वही बंद केली."

ही वही कागदाची नव्हे. इंटरनेटवर जागा घेऊन आपले लिखाण ठेवता येते, त्याला ब्लॉग म्हणतात. तुमच्या घरातली शिकली-सवरली मुले हे जाणतात. हा पोरगा चार वर्षे तिथे आपल्या डाळिंबाची हकीकत लिहीत होता. बहार कधी धरला, तेल्या कधी दिसला, कोणती फवारणी लागू पडली आणि कोणती वाया गेली. आसपासचे बरेच शेतकरी ते वाचत. मध्ये मध्ये जाहिराती नकोत म्हणून तो वर्षाचे पैसे भरून जागा घेई. त्या दिवशी उघडून पाहतो तो पान कोरे, आणि वर एकच ओळ : आपण नियमांचा भंग केला आहे. कोणत्या नियमाचा? ते लिहिलेले नाही. कोणत्या लिखाणाने? तेही नाही.

त्याची आजी मागोमाग आली होती. तिला इंटरनेट कळत नाही, पण व्यवहार पक्का कळतो. ती म्हणाली, "भाडं घेतलं ना त्यांनी? मग कुलूप लावायच्या आधी सांगायला काय धाड भरली होती?"

मंडळी, आजीचा हा प्रश्न अमेरिकेत २००७ सालीच विचारला गेला होता. ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

ब्रॅड फिट्झपॅट्रिक नावाच्या कॉलेजातल्या मुलाने १९९९ साली 'लाइव्हजर्नल' नावाची जागा सुरू केली. मित्रमंडळींना एकमेकांची खबरबात कळावी, एवढाच हेतू. बघता बघता लाखो लोक तिथे रोजनिशी लिहू लागले. कुणी फुकट लिही, कुणी वर्षाचे पैसे भरी, तर काहींनी एकदाच मोठी रक्कम भरून कायमची जागा घेतली होती. २००५ साली 'सिक्स अपार्ट' या कंपनीने हा सारा कारभार विकत घेतला.

मे २००७ च्या अखेरीस कंपनीने एका झटक्यात सुमारे पाचशे वह्या बंद केल्या. मुलांच्या रक्षणासाठी लढतो असे सांगणाऱ्या एका गटाने तक्रार केली होती, की इथे लहान मुलांवरील अत्याचाराला उत्तेजन देणारे लोक आहेत. तक्रार गंभीर होती, यात वाद नाही. पण कंपनीने निवडणी कशी केली? प्रत्येक लिहिणाऱ्याने आपल्या आवडीच्या विषयांची यादी दिलेली असे, त्या यादीतले शब्द पाहून. आत काय लिहिले आहे ते पुरते न वाचता. त्यामुळे गहू आणि कोंडा एकाच सुपात गेला. स्वतः लहानपणी अत्याचार सोसलेले लोक जिथे एकमेकांना धीर देत, ते गटही बंद झाले. 'लोलिता' या गाजलेल्या कादंबरीवर चर्चा करणारा गट बंद झाला. कादंबऱ्यांतली पात्रे घेऊन हौसेने गोष्टी लिहिणारेही त्यात सापडले. बंद झालेल्या प्रत्येक नावावर आडवी रेघ दिसू लागली. चावडीवरच्या यादीतून नाव खोडावे, तशी.

पैसे भरणारे लोक खवळले. त्यांचे म्हणणे सरळ होते. नियम आधी सांगा, स्पष्ट सांगा, आणि मोडला असेल तर कोणता मोडला ते दाखवा. दोनच दिवसांत कंपनीचे प्रमुख बराक बर्कोविट्झ यांना जाहीर माफी मागावी लागली आणि पुष्कळ वह्या परत उघडल्या गेल्या. तरी ऑगस्टमध्ये चित्रांवरून पुन्हा तोच तंटा झाला.

माझे मत विचाराल तर नियम हवेतच. मुलांच्या जिवाशी खेळणारा मजकूर कुणी ठेवत असेल, तर त्याने पैसे भरले आहेत म्हणून त्याला अभय मिळता कामा नये. पण 'आम्हाला अयोग्य वाटेल ते' अशी ओळ म्हणजे नियम नव्हे. तिला मर्जी म्हणतात.

पुढे त्याच २००७ सालच्या डिसेंबरात लाइव्हजर्नल 'सुप' या रशियन कंपनीकडे गेले. एप्रिल २०१७ मध्ये नवा करार समोर आला. त्याला मान्यता दिल्याशिवाय वही वापरता येईना. करार रशियन कायद्याखालचा, आणि कायद्याने बांधील तो फक्त रशियन भाषेतला. इंग्रजी तर्जुमा नुसता समजण्यापुरता! (आपणही कर्जाच्या कागदावर बोट ठेवले तिथे सही करतो, तेव्हा फार हसू नये.) लाइव्हजर्नलच्याच काही जुन्या कर्मचाऱ्यांनी २००९ साली 'ड्रीमविड्थ' नावाची वेगळी जागा काढली होती. तिथे जाहिरात नाही, वापरणाऱ्यांच्याच पैशावर चालते. पुष्कळ जण आपले बिऱ्हाड तिकडे घेऊन गेले.

तुम्ही म्हणाल, हे झाले परदेशातले. आपल्याकडे काय? आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे देऊन सेवा घेणारा तो ग्राहक. फुकट घेणाऱ्याला हा कायदा फारसा उपयोगी नाही, म्हणून पावतीला मोल आहे. तक्रार कंपनीच्या गावी जाऊन करावी लागत नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे ती करता येते, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

शिवाय २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे, लोक जिथे लिखाण किंवा चित्रफिती ठेवतात अशा कंपनीने आपला तक्रार अधिकारी कोण, हे जाहीर करायचे आहे. भारतात पन्नास लाखांवर वापरणारे असलेल्या मोठ्या कंपन्यांनी आपल्या मर्जीने मजकूर काढला, तर त्याचे कारण कळवायचे आणि लिहिणाऱ्याची बाजूही ऐकायची. अधिकाऱ्याचा निकाल पटला नाही तर तीस दिवसांत सरकारी अपील समितीकडे जाता येते. लहान कंपन्यांना कारण कळवण्याचे हे बंधन नाही. पैसे भरण्याआधी तेवढे पाहून घ्यावे.

आमच्या पोराने तीन पत्रे लिहिली. अकराव्या दिवशी वही उघडली. कारण काय निघाले? त्याने एके ठिकाणी लिहिले होते, की फवारताना विषबाधा होऊ नये म्हणून हातमोजे घाला, वाऱ्याकडे तोंड करू नका. त्यातला 'विष' हा शब्द यंत्राने धरला होता! माणसाने ते वाचले असते, तर दोन मिनिटांचे काम होते. त्या अकरा दिवसांत पाऊस लागून राहिला, तेल्या पसरला, आणि मागच्या साली याच दिवसांत काय केले होते ते बघायला त्याच्याजवळ दुसरी प्रत नव्हती.

आता दर रविवारी तो सगळे लिखाण घरच्या संगणकावर उतरवून घेतो. शिवाय आजीच्या आग्रहाने शंभर पानी वहीतही टिपतो. आणि चौथे पत्र त्याने परवाच पाठवले. बंद पडलेले अकरा दिवस वर्षाच्या मुदतीत वाढवून द्या, असे त्यात लिहिले आहे. रक्कम किरकोळ आहे, मी म्हटले, सोडून दे. तर आजी आतून म्हणाली, "डेरीवाला अर्धा लिटर कमी मोजतो तेव्हा सोडतो का आपण?"

पत्राचे उत्तर अजून आलेले नाही.