पुस्तकांच्या ढिगाखाली आपली मुले का गुदमरतात?

सी.ए. इंटरमिजिएटचा निकाल लागला त्या संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या एक ताई आपल्या मुलीला घेऊन घरी आल्या. शिवणकाम करून मुलीला शिकवणारी ही बाई. दारातूनच म्हणाल्या, "वकीलसाहेब, पोरगी दुसऱ्यांदा नापास झाली. आता बस कर म्हणून तुम्हीच सांगा हिला. बी.कॉम. झाली आहे, बँकेची परीक्षा देईल." मुलगी खाली मान घालून उभी होती. आम्ही गुण विचारले. पहिल्या गटात अकाउंटिंगला ६१, कायद्याला ३६ आणि टॅक्सेशनला ४९. तीनशेपैकी १४६.

घरच्यांना 'नापास' हा एकच शब्द कळला होता. पण या परीक्षेचे नियम ज्याला ठाऊक आहेत, तो हेच आकडे वेगळ्या पद्धतीने वाचतो. सी.ए.चा एखादा गट पास होण्यासाठी प्रत्येक पेपरात किमान ४० आणि एकूण गुणांत ५० टक्के लागतात. म्हणजे तीनशेत दीडशे. ही मुलगी कायद्यात चार आणि एकुणात चार गुणांनी मागे राहिली. शिवाय ज्या पेपरात ६० किंवा त्याहून अधिक गुण पडले, त्या पेपरातून पुढील तीन प्रयत्नांपर्यंत सूट मिळते आणि ते गुण एकुणात धरले जातात. तेव्हा हिला आता फक्त दोन पेपर द्यायचे होते आणि त्या दोन्हींत मिळून ८९ गुण हवे होते. या वेळी ८५ पडलेच होते. हे समजावून सांगितल्यावर ताईंनी एकच प्रश्न केला, "मग ही रडते कशाला?"

त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेल्यावर मिळाले. पलंगाखाली, खिडकीत, शिलाई मशीनच्या खाली, सगळीकडे पुस्तके! संस्थेने दिलेले अभ्याससाहित्य होते. एका क्लासच्या नोट्स होत्या. मैत्रिणीकडून झेरॉक्स केलेल्या दुसऱ्या क्लासच्या नोट्स होत्या. एका सीनियरने दिलेली जुनी पुस्तके होती आणि मोबाईलमध्ये शेकडो पानांच्या पीडीएफ होत्या. प्रत्येक ठिकाणचे थोडे थोडे वाचलेले, पूर्ण काहीच झालेले नाही. "हे वाचायला घेतलं की ते राहिलंय असं वाटतं, काका," ती म्हणाली. "रात्री झोपताना जे वाचलं ते आठवतच नाही, जे राहिलं तेच दिसतं."

आम्ही कायद्याचे जुने पुस्तक सहज उघडले. 'छोटी कंपनी' कोणती, याच्या व्याख्येत भरणा झालेल्या भांडवलाची मर्यादा त्यात ५० लाख रुपयेच छापलेली होती. सरकारने ती २०२१ मध्ये दोन कोटी आणि २०२२ मध्ये चार कोटी केली होती. म्हणजे ही मुलगी रात्र रात्र जागून चुकीचे उत्तर पाठ करत होती! याला मुलीची बुद्धी जबाबदार आहे काय? मुळीच नाही.

आपल्या घरांत जुने पुस्तक वापरून शिकण्याची रीत आहे आणि त्यात कमीपणा नाही. आम्ही स्वतः दुसऱ्याची जुनी पुस्तके वाचूनच एलएल.बी. झालो. पण इतिहासाचे पुस्तक दहा वर्षांनीही चालते, कराचे पुस्तक दोन वर्षांत शिळे होते. १ जुलै २०१७ ला जी.एस.टी. आला तेव्हा अप्रत्यक्ष करांची जुनी पुस्तके रद्दीत गेली. आता १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी ५३६ कलमांचा २०२५ चा नवा कायदा आला असून तो १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे. कोणत्या परीक्षेला कोणता कायदा धरायचा हे संस्था जाहीर करते. ते न पाहता केलेला अभ्यास आणि जयंतीच्या दिवशी प्रेमाने दान केलेले करांचे जुने पुस्तक, दोन्ही मुलांना खड्ड्यात घालतात.

या परीक्षेचा पसारा लहान नाही. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने स्थापन झालेली संस्था ती घेते. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नव्या योजनेनुसार फाउंडेशनला चार, इंटरमिजिएटला सहा आणि फायनलला सहा पेपर आहेत. मध्ये दोन वर्षांची आर्टिकलशिप आहे. मे २०२४ मध्ये फायनलचे दोन्ही गट एकदम दिलेल्यांपैकी शंभरातले वीसही पूर्ण उत्तीर्ण झाले नाहीत. इथे राखीव जागा नाहीत. पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहायचा, मराठीत नाही. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला आधी भाषा, मग विषय आणि मग हा ढीग उपसावा लागतो.

ज्या घरात काका सी.ए. आहे, मामा सी.ए. आहे, त्या घरातल्या मुलाला काय मिळते? त्याला जास्त पुस्तके मिळत नाहीत. "हे वाच, हे सोड" असे सांगणारा माणूस त्याच्या घरात असतो. पिढ्यान्‌पिढ्या हिशेबाच्या वह्या ज्यांच्या हातात राहिल्या, त्यांच्या घरात हे ज्ञान जेवताना बोलता बोलता मिळते. आपल्या मुलीला ते कोणी दिले नाही. म्हणून तिने सगळेच वाचायला घेतले आणि सगळ्याखाली ती दबली. काय सोडावे हे न कळणे, हेच तिचे खरे दारिद्र्य आहे.

आणि आपण या मुलांना काय सांगतो? "बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करत, तूही कर!" एप्रिल महिन्यात ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. त्यामागची भावना आम्हाला मान्य आहे, आम्हीही त्यात बसलो आहोत. पण आपण तास मोजतो, अभ्यास मोजत नाही. बाबासाहेब लंडनच्या ग्रंथालयात दिवसभर बसत, तेव्हा रुपयाच्या प्रश्नावर आपल्याला नेमके काय शोधायचे आहे हे त्यांना ठाऊक होते. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, १९२० मध्ये ते पुन्हा गेले. त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत पाठवला, तो त्यांनी पुन्हा सादर केला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. हा भाग आपण मुलांना का सांगत नाही? दोनदा नापास झालेल्या मुलीला अठरा तासांपेक्षा याच गोष्टीचा आधार अधिक वाटेल.

आम्ही सी.ए. नाही, वकील आहोत. कायद्याच्या पेपरापुरते सांगण्याचा अधिकार आम्हाला आहे आणि बाकीचे या परीक्षेतून गेलेल्या आपल्या दोन मुलांना विचारून घेतले. सगळ्यात आधी ढीग वेगळा केला. टेबलावर फक्त संस्थेचे चालू अभ्याससाहित्य आणि तिची स्वतःची एक वही ठेवली. जुनी पुस्तके बांधून माळ्यावर टाकली, मोबाईलमधल्या पीडीएफ तिच्याच हाताने काढून टाकायला लावल्या. संस्थेचे रिव्हिजन टेस्ट पेपर, मॉक टेस्ट पेपर आणि मागच्या परीक्षांची सुचवलेली उत्तरे संकेतस्थळावर फुकट मिळतात, नव्या दुरुस्त्याही तिथेच कळतात. यापलीकडे परीक्षा संपेपर्यंत एकही नवे पान घरात आणायचे नाही, असे ठरले.

मग अभ्यासक्रम समोर घेतला. कोणत्या भागाला किती भार हे संस्था स्वतः छापते, पण ढिगाच्या भीतीने मुले ते पानच उघडत नाहीत. कंपनी कायदा ४७० कलमांचा ऐकून ही मुलगी घाबरली होती. इंटरमिजिएटला त्यातली प्रामुख्याने पहिली १४८ कलमे येतात. डोंगराचा एवढा भाग एका पानाने कमी झाला! त्या १४८ मध्येही ज्यांवर पुन्हा पुन्हा प्रश्न येतात ती आधी, क्वचित येणारी नंतर. प्रत्येक कलम वकील वाचतो तसे वाचायचे: हे कोणाला लागू आहे, मुख्य नियम काय, अपवाद कोणता आणि मोडले तर काय. या चार ओळी वहीत उतरल्या की पुस्तक मिटायचे.

वही जाड होऊ द्यायची नाही, हेही महत्त्वाचे. सी.ए.ची मुले 'दीड दिवसाची उजळणी' म्हणतात. दोन पेपरांच्या मधल्या वेळात जे पुन्हा डोळ्यांखालून जाऊ शकते, तेवढेच परीक्षेत कामाला येते. पहिल्या वाचनाला दोन महिने लागले तरी चालेल, पण दुसरे दोन आठवड्यांत आणि तिसरे दीड दिवसात झाले पाहिजे. चार पुस्तके एकेकदा वाचण्यापेक्षा एक पुस्तक तीनदा वाचलेले बरे.

शेवटची गोष्ट लिहिण्याची. या मुलीने दोन वर्षांत घड्याळ लावून कायद्याचा एकही पूर्ण पेपर घरी लिहिला नव्हता! शंभरातले तीस गुण बहुपर्यायी प्रश्नांचे आणि सत्तर लिहिण्याचे. तिला उत्तर येत होते, पण ते गोष्ट सांगावी तसे ती लिहीत होती. कोर्टात आम्ही आधी तरतूद सांगतो, मग ती या प्रकरणाला कशी लागते ते सांगतो आणि मग निष्कर्ष मांडतो. पेपरातही तेच तीन परिच्छेद हवेत. इंग्रजी साधे असले तरी हरकत नाही, कायद्याचे शब्द मात्र नेमके हवेत.

एवढे केले म्हणजे पास होणारच, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. घाम गाळावाच लागतो. नीट अभ्यास करूनही एखाद्याला हा मार्ग आपला नाही असे वाटले, तर त्याने अभिमानाने दुसरा निवडावा. पण ढिगाखाली गुदमरून "मी ढ आहे" असे समजत एकाही मुलाने मागे फिरू नये.

आता आपल्या संस्थांबद्दल. निकालानंतर गुणवंतांचा सत्कार करायला पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्हे घेऊन आपण सगळे हजर असतो. निकालाच्या आधी सहा महिने कोण हजर असते? आपल्या कितीतरी विहारांच्या नि शिक्षणसंस्थांच्या ट्रस्टचे हिशेब वर्षानुवर्षे तपासलेले नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ३३ लेखापरीक्षण सांगते आणि धर्मादाय आयुक्तांची नोटीस आली की आपण परक्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवतो. हिशेब वाचणारी माणसे आपल्याला हवी आहेत, तर ती घडवण्याचा खर्चही आपणच केला पाहिजे. विहाराच्या वाचनालयात एक कप्पा चालू वर्षाच्या साहित्याचा ठेवा, जुने कराचे पुस्तक दानात घेऊ नका. एका सत्काराच्या खर्चात एका मुलीची परीक्षा फी भरा. जे सी.ए. झाले आहेत किंवा आर्टिकलशिप करत आहेत, त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. शिकवायला वेळ नसेल तर निदान काय सोडायचे तेवढे सांगावे.

ती मुलगी पुढच्या परीक्षेला बसते आहे. रोज रात्री एक उत्तर लिहून आणते, आम्ही लाल पेनाने तपासतो. परवा ताईंनी विचारले, "माळ्यावरची पुस्तकं रद्दीत देऊ का?" आम्ही म्हटले, "आजच द्या."