पिक एकाच जाडीचे नको



बारा तारांची गिटार मोठ्या हौसेने घेतली जाते. पिक मात्र दुकानदार देईल ते. हे योग्य नाही.

या गिटारीत तारांच्या सहा जोड्या असतात. खालच्या स्वरांच्या चार जोड्यांत एका जाड तारेसोबत एक सप्तक वरची बारीक तार असते. उरलेल्या दोन जोड्या समस्वरात लावतात. पिक एकाच झटक्यात दोन्ही तारांवरून गेले पाहिजे. ताठ, जाड पिक नवशिक्याच्या हातात अडकते, मनगट दुखते आणि मूल गिटार कोपऱ्यात ठेवते.

माझ्या मते सुरुवात सुमारे ०.६ मिलिमीटरच्या, वाकणाऱ्या नायलॉनच्या पिकाने करावी. ते सैल धरावे. बालाघाट किंवा गोंदियाला जाणे झाले, की ०.७३ व १ मिलिमीटरचेही एकेक आणावे. हात बसला, की मूल स्वतःच निवड करील. सतारीची मिजराबही ज्याच्या त्याच्या बोटाच्या मापाचीच लागते.

पूर्वी पिके समुद्री कासवाच्या कवचाची करीत. कान्हाशेजारी राहणाऱ्या आपण तशी कधीही मागू नयेत.

विश्वस्तांना विनंती, की संगीतवर्गासाठी एकाच जाडीच्या पिकांचा डबा आणू नये. गिटारीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. पण त्यावाचून मुलाचे शिकणे थांबू शकते.

– प्राचार्य