जुन्या कमानी, नवी तहान

मेक्सिकोच्या राजधानीपासून सुमारे २०० किलोमीटरवर केरेतारो हे शहर आहे. तेथे पाहुणा आला, की त्याला आधी कमानी दाखवायला नेतात. गुलाबी दगडाच्या ७४ कमानी एका रांगेत उभ्या आहेत आणि त्यांतली सर्वांत उंच कमान २८ मीटरची आहे. १७२६ ते १७३८ ह्या काळात बांधलेल्या ह्या कमानींवरून झऱ्याचे पाणी शहरातल्या हौदांपर्यंत येत असे. खर्चाचा मोठा वाटा एका धनाढ्य सरदाराने उचलला. मठातल्या एका जोगिणीवर त्याचे प्रेम होते व तिच्या शब्दाखातर त्याने हे केले, अशी दंतकथा आहे. खरे कारण साधे होते. गावाला स्वच्छ पाणी नव्हते.

आज शहराचे रूप पालटले आहे. १९८५ च्या भूकंपानंतर राजधानीतली पुष्कळ कुटुंबे येथे राहायला आली. मोटारींचे सुटे भाग आणि घरगुती यंत्रे बनवणारे कारखाने वाढले. २००६ मध्ये कॅनडाच्या बाँबार्डिये ह्या विमान कंपनीने येथे काम सुरू केले आणि पुढच्याच वर्षी विमानविद्येचे विद्यापीठ निघाले. १९९० च्या जनगणनेत केरेतारो नगरपालिकेच्या हद्दीत सुमारे साडेचार लाख लोक होते. २०२० मध्ये ते दहा लाखांवर गेले.

पहाटेच कारखान्यांच्या बसगाड्या कामगारांना घेऊन निघतात. मुख्य जेवण दुपारी दोन-तीनच्या सुमारास होते. सायंकाळी जुन्या चौकांत लोक फिरायला येतात. जवळच्या आमेआल्को भागातल्या ओतोमी आदिवासी बाया रंगीत फिती लावलेल्या कापडी बाहुल्या तेथे विकायला बसतात.

घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी मात्र हवीच, कारण नळाचा नेहमीच भरवसा नसतो. पिण्यासाठी २० लिटरचे मोठे बाटले विकत घ्यायचे, हा मेक्सिकोतल्या बहुतेक घरांचा रिवाज येथेही आहे.

हा प्रदेश मुळात कमी पावसाचा. शहर वर्षानुवर्षे विहिरींवर जगले आणि उपसा वाढत गेला, तशी भूजलाची पातळी खोल गेली. म्हणून २०११ मध्ये दुसरी मोठी जलवाहिनी सुरू झाली. ती डोंगरापलीकडच्या झऱ्याचे पाणी पंपांनी वर चढवून सुमारे १२० किलोमीटरवरून आणते. पण शहर त्याहून वेगाने वाढत राहिले. २०२२ मध्ये नव्या पाणी कायद्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. पाण्याचे खाजगीकरण होईल, अशी त्यांना भीती वाटत होती. २०२४ मध्ये सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी वापरण्याची योजना पुढे आली, तेव्हाही मोठा वाद झाला. त्याच सुमारास संगणकांची अवाढव्य माहिती केंद्रे येथे येऊ लागली आणि यंत्रे थंड ठेवायला किती पाणी लागणार, असे लोक विचारू लागले.

कारखान्यांमुळे घरोघर पगार आला, मुले शिकली, हे कोणी नाकारत नाही. पण आडातच नसेल, तर पोहऱ्यात कोठून येणार? पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी त्या सरदाराने आधी पाण्याची सोय केली. केरेतारोला आता तोच क्रम पुन्हा शिकावा लागत आहे.