सहा तारा आणि हट्टी बोटे

आपल्या घरांत गिटार येते ती बहुधा दहावी-बारावीच्या निकालाचे बक्षीस म्हणून, आणि वर्षभरात कपाटावर जाऊन बसते. वडीलधारी मंडळी म्हणतात, पोराला चिकाटी नाही. मला हे निदान पटत नाही. दुसऱ्यांची गाणी वाजवण्याइतपत पुष्कळ मुले शिकतात. अडते ते पुढे, स्वतःचे गाणे करावेसे वाटू लागते तेव्हा. त्या अडण्याविषयी घरात कोणी त्यांच्याशी बोलत नाही.

आपली भावगीताची परंपरा मुख्यतः कामाच्या वाटणीची. कवीने लिहावे, संगीतकाराने चाल लावावी, गायकाने गावे. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' घरोघर पोचले, त्यात गदिमांचे शब्द होते आणि चाली बाबूजींच्या. गिटार घेऊन बसलेल्या मुलाला मात्र ही सगळी कामे एकट्याने करायची असतात. त्यात बोटे हट्टी. सवयीचे चार कॉर्ड सापडले की हात पुन्हापुन्हा तिथेच जातो, आणि नवी म्हणून धरलेली चाल तिसऱ्या ओळीला कालच्याच गाण्याच्या दारात उभी राहते. शब्दांचा छळ वेगळाच. कागदावर शोभणारी ओळ गाताना अडखळते, कारण चालीचा जोर जिथे पडतो तिथे नेमके 'आणि' बसलेले असते. 'मन' फार ओढले की 'मान' ऐकू येते!

हे दुखणे नवशिक्यांचेच आहे असे कोणी समजू नये. बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनीला 'यस्टरडे'ची चाल झोपेत सापडली. शब्द मात्र सुचेनात. जागा अडवून ठेवावी तसे त्याने अंड्याच्या भुर्जीवरचे काहीबाही शब्द त्यात घातले आणि कित्येक दिवस तेच गुणगुणत राहिला. खरे शब्द जमले ते १९६५ साली, पोर्तुगालमधल्या मोटारप्रवासात.

कॅनडाच्या जोनी मिचेलची गोष्ट तर मला फार मोलाची वाटते. नवव्या वर्षी तिला पोलिओ झाला. डावा हात अधू राहिला, त्यामुळे गिटारवरचे नेहमीचे अवघड आकार तिला धरता येईनात. तिने ताराच निराळ्या स्वरांत लावल्या. अशा जुळणीत एखाद-दुसऱ्या बोटानेही भरगच्च कॉर्ड वाजतो. शिवाय तारांची जुळणी बदलली की हाताच्या ओळखीच्या वाटा पुसल्या जातात, आणि पुढचा स्वर कानानेच शोधावा लागतो. अशा डझनावारी जुळण्या तिने वापरल्या. तिच्या गाण्यांतले अनपेक्षित स्वर पुष्कळसे या अडचणीतून आलेले आहेत.

तिचाच देशबंधू लेनर्ड कोहेन मूळचा कवी. १९६७ साली पहिली ध्वनिमुद्रिका निघाली त्याआधी त्याच्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या होत्या. तरुणपणी मॉन्ट्रिऑलमध्ये एका स्पॅनिश तरुणाकडून त्याला जेमतेम तीन धडे मिळाले. त्यात शिकलेल्या सहा कॉर्डवर आपले सारे संगीत उभे आहे, असे त्याने २०११ साली स्पेनमध्ये सांगितले. मात्र १९८४ साली आलेल्या 'हॅलेलुया'साठी तो कैक वर्षे कडवी लिहीत आणि खोडत होता. मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीत एखादे कच्चे वाक्य दोनशेव्या पानाआड लपवता येते, पण तीन मिनिटांच्या गाण्यात लपायला आडोसाच नसतो.

म्हणून पालकांना एवढेच सांगावेसे वाटते. किती कॉर्ड येतात, कुठली परीक्षा दिली, हे मुलाला विचारू नका. पाहुण्यांसमोर 'एखादे वाजवून दाखव' हा आग्रहही नको. आता चार शब्द दिले की यंत्र क्षणात गाणे करून देते. अशा काळात बंद खोलीत तासभर एका ओळीशी झगडणारे मूल वेळ फुकट घालवते आहे असे वाटणे साहजिक आहे. पण बोट चुकून भलत्या तारेवर पडते आणि कधी न ऐकलेला स्वर निघतो, तो याच तासात. त्याची पहिली दहा गाणी वाईट होतील. ती होऊ द्या.