पोत्यातले मांजर

ताई, आपल्या शाहूवाडीकडचा पाऊस लागला की शेतातल्या बिळांत पाणी शिरते आणि उंदीर सरळ भाताच्या कणगीत येतो. मग मांजराची आठवण होते. एरवी त्याचीच पिल्ले पोत्यात घालून नदीपलीकडे सोडणारे आपणच!

असे टाकलेले पिल्लू मलकापूरच्या बाजारात सापडले, तर जरूर घरी आणा. पण आणल्याबरोबर मोकळे सोडू नका, ते पळेल. पंधरा दिवस एका खोलीत कोंडा, कोपऱ्यात पाटीभर माती ठेवा. दुधाची वाटी पुढे करायची आपली रीत. पण मोठ्या मांजराला पुष्कळदा दूध पचत नाही, हगवण लागते. भाकरी कुस्करून सुकटीबरोबर द्या. उपाशी मांजर जास्त उंदीर मारते, असे सासूबाई म्हणतील. त्यांना हो म्हणावे आणि मांजराला जेवू घालावे. उपाशी मांजर शेजारणीच्या चुलीपाशी जाते.

उंदराचे औषध मात्र बंद. ते खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही दगावते.

तीन महिन्यांचे झाले की जनावरांच्या दवाखान्यात रेबीजची लस टोचून घ्या, पुढे दरवर्षी. तरीही चावले-बोचकारले तर हळद-चुना लावीत बसू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. रेबीज एकदा अंगात उठला की माणूस हाती लागत नाही.

मादी असेल तर शस्त्रक्रियेचे डॉक्टरांना वेळेवर विचारा. मांजरी दोन महिन्यांत विते. नाहीतर दिवाळीला पुन्हा पोते शोधाल.