गाडी खाली, चाकं बाहेर

सुरुवातीलाच एक कबुली. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी घरातलं आहे, वहीतलं नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतीलच. (राहिल्या असतील तर त्या त्यांच्या!) दुसरी कबुली अशी, की या लेखात ज्या गणिताला मी नावं ठेवणार आहे ते गणित मीच केलेलं होतं.

विषय आपल्या होस्टेलच्या पार्किंगमधलाच आहे. रविवारी तिथे एक चक्कर मारा. एकाची गाडी इतकी खाली बसवलेली आहे की गेटसमोरचा स्पीडब्रेकर त्याला तिरका पार करावा लागतो, आणि याचा त्याला अभिमान आहे! आखूड स्प्रिंग टाकून गाडी खाली बसवायची आणि त्यावर रुंद अलॉय, रुंद टायर चढवायचे. दिसतं भारी, हे मी नाकारणार नाही. मलाही आवडतं. नुसते रुंद टायर घालणाऱ्याशी किंवा नुसती गाडी खाली करणाऱ्याशी माझं फारसं भांडण नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच गाडीवर, आणि त्याही रिकामी गाडी मोजून करायच्या, याला माझा विरोध आहे. का, ते सांगतो.

मी मनोरचा. आमचं गाव राष्ट्रीय महामार्ग ४८ वर आहे. (घरातली मोठी माणसं अजून 'आठ नंबर'च म्हणतात.) मस्तान नाक्यावरून पश्चिमेला वाघोबा खिंडीतून पालघर, पूर्वेला वाडा-भिवंडी, उत्तरेला चिल्हार फाट्यावरून आत बोईसर आणि तारापूरची एम.आय.डी.सी. त्यामुळे ट्रक, टँकर, ट्रेलर आमच्या डोळ्यांसमोरून रात्रंदिवस जातात. नाक्यावरचा पंक्चरवाला जेवढे फाटलेले टायर बघतो तेवढे आपल्या लॅबने बघितले नसतील. सप्टेंबर २०२२ मध्ये सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला तो चारोटीचा पूल आमच्या नेहमीच्या रस्त्यावरचा. त्याचं कारण वेगळं होतं, पण तेव्हापासून आमच्या घरात मागे बसणाराही बेल्ट लावतो. म्हणजे आम्ही काही बेफिकीर माणसं नाही.

तर माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, सेकंडहँड स्विफ्ट घेतली. आधी स्प्रिंग बदलून ती ४० मिलिमीटर खाली बसवली. सहा महिने काही त्रास नाही. मग त्याला रुंद चाकांचे वेध लागले. मला फोन आला, "तू मेकॅनिकलला आहेस ना? बसतील का तेवढं सांग."

मला कोण आनंद! सेकंड इयरला असताना घरच्यांनी पहिल्यांदा काहीतरी तांत्रिक विचारलं होतं. (त्याआधी फक्त मिक्सर दुरुस्तीला बोलावत.) मी कागद घेतला. जुना टायर १८५/६५ आर १५. म्हणजे रुंदी १८५ मि.मी., बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ६५ टक्के म्हणजे १२० मि.मी., रिम १५ इंच. एकूण व्यास ६२१.५ मि.मी. दादाला हवा होता २०५/५० आर १६. त्याचा व्यास ६११.४. फरक १० मि.मी., म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी साधारण ९८ ने जात असेल. फारच छान! रुंदी २० मि.मी. वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा. दहा मिलिमीटर म्हणजे काय, करंगळीएवढं. मी फोन केला, "दादा, बसतंय!"

बसलं पण. चाकं चढवल्यावर गाडी नाक्यावर उभी राहिली तेव्हा चहाच्या टपरीवरची सगळी माणसं वळून बघत होती. रिकाम्या हायवेवर वळणात गाडी आधीपेक्षा ठाम वाटत होती, हेही खरं सांगायला हवं. दादा सगळ्यांना सांगत सुटला की गणित आमच्या इंजिनिअरने केलंय.

चैत्री पौर्णिमेला डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा सुरू होते. दरवर्षी जातो तसे गेलो. दादा, मी, मागे काका, काकू, वहिनी आणि वहिनीच्या मांडीवर चार वर्षांची पुतणी. डिकीत नारळ, प्रसाद आणि काकूने जत्रेत हौसेने घेतलेला दगडी पाटा-वरवंटा. येताना चारोटी सोडल्यावर मागून घर्र घर्र असा आवाज यायला लागला. दादा म्हणाला रस्त्याचा आहे. मग रबर जळल्याचा वास आला. दादा म्हणाला पुढच्या ट्रकचा आहे. मेंढवणची खिंड ओलांडून थोडं पुढे आलो, रस्त्यात एक उंचवटा होता, त्यावर गाडी मागून दणकन खाली बसली आणि डावीकडचा टायर गेला. मागचा भाग एकदम झोल खाऊ लागला. पाठीमागे टँकर. त्याचा हॉर्न मला अजून ऐकू येतो. दादाने ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग घट्ट धरून गाडी हळूहळू कडेला घेतली. टँकर आमच्या उजव्या बाजूने एवढ्या जवळून गेला की गाडी हलली. कोणालाही लागलं नाही. पुतणी झोपेतून उठून विचारत होती, घर आलं का?

खाली उतरून टायर बघितला. त्याच्या खांद्यावर, सगळ्या घेरभर, ब्लेडने कापावं तशी रेघ होती. वर बघितलं तर फेंडरच्या आतल्या पत्र्याची दुमडलेली कड चकचकीत घासली गेली होती. तो पत्रा जत्रेला जाताना आणि येताना टायर सोलत होता.

आता माझी चूक. मी व्यास बघितला, रुंदी बघितली, ऑफसेट बघितला नाही. रिमची मधली रेषा आणि रिम जिथे हबला टेकते ती पातळी, यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. तो बऱ्याच रिमवर कोरलेला असतो, इ.टी. ४५, इ.टी. ३५ असा. आकडा कमी झाला की चाक तेवढं बाहेर सरकतं. जुन्या रिमचा होता ४५, नव्याचा ३५. म्हणजे रुंदीचे दहा आणि ऑफसेटचे दहा मिळून टायरची बाहेरची कड २० मि.मी. बाहेर आली होती आणि आतली कड जागच्या जागीच होती. मी निम्मं-निम्मं वाटून मोकळा झालो होतो!

तरीही नुसत्या त्या २० मिलिमीटरने हे झालं नसतं. गाडी मूळ उंचीवर असती तर टायर पत्र्यापर्यंत पोचलाच नसता. आणि नुसती खाली असती, टायर जुनेच असते, तर टायर वर आला तरी फेंडरच्या आत गेला असता. तशी सहा महिने चाललीच होती की. खाली केल्यामुळे पत्रा टायरच्या जवळ आला आणि रुंद केल्यामुळे टायर पत्र्याच्या बरोबर खाली आला. एकेकटं केलं असतं तर दोन्ही चाललं असतं. फेंडरमधली जी जागा आपल्याला मोकळी वाटते ती कंपनीने पाच माणसं, सामान आणि खड्डा यांच्यासाठी ठेवलेली असते. आम्ही ती शोभेसाठी वापरली आणि मग पाच माणसं बसवली.

आखूड स्प्रिंगचं काम निदान तयार संचातून झालं होतं. काही ठिकाणी मूळ स्प्रिंगचंच वेटोळं कापून देतात. सहा वेटोळ्यांतलं एक कापलं की स्प्रिंग २० टक्के कडक होते, हे आपण सूत्रात शिकतो. पण चाकाला वर यायला उरलेली जागा त्याहून जास्त प्रमाणात कमी होऊ शकते, हे सूत्रात दिसत नाही. शिवाय 'रुंद टायर म्हणजे जास्त पकड' हेही अर्धवट आहे. रस्त्याला टेकलेलं क्षेत्रफळ ढोबळमानाने वजन भागिले हवेचा दाब एवढंच राहतं. फक्त त्याचा आकार बदलतो, आडवा रुंद आणि उभा आखूड. कोरड्या वळणात त्याचा फायदा आहे. आमच्याकडच्या पावसात तोच टायर जास्त पाणी बाजूला सारायला लागल्यामुळे लवकर तरंगायला लागतो. बाजूची भिंत १२० वरून १०२ वर आलेली असते ते वेगळंच. वाड्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात ते १८ मिलिमीटर आठवतात.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहेच, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येणार नाही. पण होस्टेलमध्ये कायदा सांगून कोणी ऐकलंय? उलट कोणी म्हणेल, गाडी खाली घासते ते बेकायदा स्पीडब्रेकरमुळे. त्यात तथ्य आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. असा एक तरी आपल्या तालुक्यात दाखवा, माझ्याकडून मिसळ! पण रस्ता असा आहे हे ठाऊक असूनच आपण गाडी खाली करतो ना?

नंतरच्या रविवारी मी आणि दादाने जे आधी करायला हवं होतं ते केलं. मागची स्प्रिंग काढली, फेंडरच्या कडेला आतून कणकेचे गोळे चिकटवले आणि जॅकने चाक अगदी वरपर्यंत नेलं. कणीक किती दाबली गेली त्यावरून कुठे किती जागा उरते ते कळतं. पुढच्या चाकांना हेच, फक्त स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून. कणीक काकूने मळून दिली होती. मागच्या फेंडरखालचा गोळा पापडासारखा झालेला बघून ती एवढंच म्हणाली, "आणि हे तुम्हाला आधी नाही का रे करता आलं?" मी काही बोललो नाही. दादाही बोलला नाही, आणि गणित कोणाचं होतं हे त्याने काकूला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

आता गाडी मूळ स्प्रिंगवर आहे. अलॉय ठेवले, टायर १९५/५५ आर १६ घेतले. त्यांचा व्यास ६२०.९, जवळजवळ मूळचाच. कणकेची परीक्षा पास झाले. आखूड स्प्रिंगा आमच्या पडवीत पाट्या-वरवंट्याशेजारी पडून आहेत. होस्टेलमधल्या एकाने त्या विकत मागितल्या. मी त्याला टायरचा साइज आणि रिमचा ऑफसेट विचारला आहे. दोन आठवडे झाले, अजून उत्तर नाही.